सतत

कोट धोब्याकडे टाकायच्या आधी खिसे बघायचे,
हे माझं काम. बत्तीस वर्षं.
तिकिटं निघतात, बडीशेप निघते,
एकदा एका बाईचं मंगळसूत्र निघालं, फी म्हणून दिलेलं.
ते मीच भायखळ्याला नेऊन परत दिलं.
साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

साहेब आमदार झाले सहाशे बारा मतांनी.
पाटीवर 'वकील'च्या खाली पेंटरने 'आमदार' घातलं,
अक्षरी चार रुपये.
दहा वर्षांनी पडले, तेव्हा म्हणाले,
गावकर, पाटी उतरवू नका, आधी 'माजी' बसतं का बघा.
बसलं. जरा तिरकं.
हारवाला उधारी मागून गेला
आणि सोमवारी साडेदहाला आम्ही धोबीतलावला,
लघुवाद कोर्टात, त्याच खोलीबाहेर, त्याच बाकावर,
जणू मधे नुसती जेवणाची सुट्टी झाली होती.

परवा कमरुन्निसाबाईंची मॅटर निघाली.
माझगावची एक खोली. बाप त्याच खोलीत गेला.
मुलगी तेव्हा अडीच महिने मिरजेला,
बहिणीच्या बाळंतपणात.
समोरचा वकील कालचं पोर, बँडची घडीसुद्धा मोडलेली नाही.
उठला, कलम वाचलं:
'मृत भाडेकरूसोबत सतत राहणारी व्यक्ती.'
'सतत'वर थांबला. पाणी प्यायला.
मग म्हणाला, कायदेमंडळ एकही शब्द फुकट वापरत नाही, युवर ऑनर.

मी साहेबांकडे बघितलं नाही.
त्या रात्री मी विधानभवनाबाहेर डबा धरून बसलो होतो.
पावणेबारा. आत मोजून एकोणतीस माणसं,
त्यातली सात झोपलेली.
कुणीतरी पेन्सिलीने तो शब्द घातला
आणि साहेबांच्या कानात म्हणाला,
तुमचा माझगावचा दवाखाना यादीत टाकतो.
दवाखाना झाला. अजून आहे.
मंगळवारी पोरांना डोस देतात.
माझं ब्लडप्रेशर मी तिथंच बघतो.

साहेब गुडघा धरून उठले.
पुस्तक उघडलं नाही. कोळीवाड्यातला माणूस.
म्हणाले, ओहोटी लागली म्हणजे
समुद्र घर सोडून गेला असं आमच्यात म्हणत नाहीत, युवर ऑनर.
होडी तिथंच चिखलात असते, दोर बांधलेला असतो.
बाईंचं शिवणयंत्र तिथंच होतं.
सुईत दोरा होता.

जजबाई लिहिता लिहिता थांबल्या.
कायदेमंडळाचा हेतू काय होता, काही दाखवता येईल?
साहेब बराच वेळ नुसते उभे.
मग म्हणाले, शोधतो.

शुक्रवारी मी चिठ्ठी घेऊन ग्रंथालयात.
कार्यवाहीचे खंड विटेसारखे जड.
दहा वर्षांत साहेब काय काय बोललेत!
गटारं, गोदीतले हंगामी कामगार,
एका स्मशानाच्या पत्र्यासाठी सलग तीन अधिवेशनं.
त्या रात्रीचं पान सापडायला दुपार गेली.
कलमापुढे एवढंच:
'श्री. हरेश्वर वैती : माझी हरकत नाही.'

ज्याने जन्मभर हरकतींवर घर चालवलं, त्याचं हे वाक्य.
झेरॉक्सला दोन रुपये.

साहेबांनी वाचलं, घडी केली.
मी विचारलं, फाइलला लावू?
म्हणाले, हेतू विचारलाय त्यांनी, गावकर.
यात कुठे आहे हेतू?

आज कोट.
उजव्या खिशात बडीशेप.
डाव्यात ती घडी, दोन दिवसांत कडा झिजलेली,
म्हणजे हात सारखा आत जात असणार.
धोबी म्हणाला, काढून घ्या, लगदा होईल.
काढली. कोट दिला.
तारीख गुरुवारची आहे.
कोट बुधवारी रात्री इस्त्री होऊन येईल,
तेव्हा ती परत खिशात ठेवायची का,
हे साहेबांनी सांगितलेलं नाही
आणि मी विचारणार नाही.